शर्यतीचा निकाल कसा वाचावा

खेळ खेळणारे थोडे आणि खेळावर बोलणारे फार, ही तक्रार जुनी आहे. परंतु ती सर्वस्वीं न्याय्य आहे असें म्हणवत नाहीं. मैदानावरची शर्यत घटका दोन घटकांत आटोपते. तिच्याविषयींचें बोलणें मात्र महिनोगणती चालू राहतें, आणि पुढल्या वर्षीं मैदानांत कोणीं उतरावें व कोणीं घरीं बसावें, हें पुष्कळदां ह्या बोलण्यावरूनच ठरतें. घरांतील वडील माणसें, शाळेंतील शिक्षक, नाक्यावरील मंडळी मुलाच्या धांवण्याविषयीं काय म्हणतात, ह्यावर त्याचा उत्साह टिकणें न टिकणें अवलंबून असतें. म्हणून रसिकांचें बोलणें निव्वळ करमणुकीचें समजून सोडून देतां येत नाहीं. तें कशाच्या आधारावर चालतें, हें एकदां तपासून पाहणें अगत्याचें आहे.

वसई स्टेशनाच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या बाजूला जाऊं लागल्यावर गोखिवरे लागतें. एके काळचें हें शेतीभातीचें गांव आज कारखान्यांच्या गाळ्यांनीं व उंच इमारतींनीं गजबजून गेलें असून वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. ही महानगरपालिका २००९ सालीं स्थापन झाली आणि २०११ सालीं ह्या शहराची मॅरेथॉन शर्यत सुरू झाली. पूर्ण शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटरांची, अर्धी तिच्या निम्म्याची. थंडीच्या तोंडाशीं हजारों माणसें तींत धांवतात, आणि त्याहून अधिक माणसें रस्त्याच्या कडेला उभीं राहून पाहतात. शर्यत संपली कीं चहाच्या दुकानांत, गाडीच्या डब्यांत, कारखान्याच्या फाटकाशीं तिची चर्चा होते. ही चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोंवतीं फिरते : पहिला कोण आला? आणि आपल्यापैकीं कोणाचा नंबर लागला कीं नाहीं? दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, म्हणजे निकाल समजला असें मानण्यांत येतें. वस्तुतः निकाल वाचण्यास तेथून कोठें प्रारंभ व्हावयाचा असतो.

ह्याचें कारण मराठी माणसाच्या डोळ्याला लागलेल्या वळणांत सांपडेल. हा डोळा कुस्तीच्या आखाड्यावर तयार झालेला आहे. कुस्तींत दोघे उतरतात. एकाची पाठ लागते, दुसरा फेटा उडवितो. कबड्डींतहि गडी बाद होतो किंवा सुटतो. अशा खेळांत निकाल म्हणजे बहुधा जय किंवा पराजय. लांब पल्ल्याच्या शर्यतीचें तसें नाहीं. तींत शंभर माणसें धांवलीं तर शंभर निकाल लागतात, आणि प्रत्येक निकालांत त्या माणसाच्या वर्षभराच्या मेहनतीचा जमाखर्च मांडलेला असतो. कुस्तीच्या डोळ्यानें हा जमाखर्च पाहूं गेल्यास पहिल्या तीन ओळींखालीं कोरा कागदच दिसावयाचा.

हा डोळा बदलण्यास एक परका खेळ फार उपयोगीं पडतो. गोखिवऱ्यांतील बहुतेकांनीं तो प्रत्यक्ष कधीं पाहिलेला नसेल, कारण त्याला बर्फ लागतो. क्रॉस कंट्री स्कीइंग हें त्याचें नांव. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड ह्या देशांत हिवाळ्याचे कित्येक महिने जमीन बर्फाखालीं असते. तेथें पायांना लांब, अरुंद पट्ट्या जोडून व दोन्ही हातांत काठ्या घेऊन गांवोगांव सरकत जाण्याची रीत फार पुरातन आहे. ह्या पट्ट्यांना स्की म्हणतात. बुटाचा पुढचा भाग तेवढा स्कीला जोडलेला असतो. टांच मोकळी राहते, म्हणून चढावरहि पाऊल टाकतां येतें. पुढें ह्या रीतीचीच शर्यत झाली. १९२४ सालीं फ्रान्समधील शामोनी येथें पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां १८ व ५० किलोमीटरांच्या दोन्ही शर्यती नॉर्वेच्या थोर्लेफ हाउगनें जिंकल्या. शर्यतीचा मार्ग स्थूलमानानें एकतृतीयांश चढाचा, एकतृतीयांश उताराचा व उरलेला वरखालीं होणारा असा आंखतात. पद्धती दोन आहेत. जुन्या पद्धतींत बर्फांत कोरलेल्या दोन समांतर चाकोऱ्यांतून सरळ पावलें टाकीत जावयाचें. दुसऱ्या, मोकळ्या पद्धतींत पाय तिरपे बाहेर ढकलीत जावयाचें. मोकळी पद्धत सामान्यतः अधिक वेगाची ठरते.

ह्या खेळांत एक विलक्षण अडचण आहे. पायांखालची वाट रोज बदलते. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ वेगळा, रात्रीं गोठून कडक झालेला वेगळा आणि दुपारच्या उन्हानें ओलावलेला आणखी वेगळा. स्कीच्या तळाला कोणतें मेण लावावें हें त्यावरून ठरवावें लागतें. जुन्या पद्धतींत स्कीच्या मधल्या भागाला बर्फ धरून ठेवणारें मेण व दोन्ही टोकांना घसरण वाढविणारें मेण लावतात. मेणाची निवड चुकली तर उत्तमांतला उत्तम गडीहि चढावर मागें घसरूं लागतो. फ्लोरीनयुक्त मेण वेगाला फार उपकारक, पण मनुष्याला व निसर्गाला अपायकारक ठरल्यामुळें आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०२३-२४ च्या हंगामापासून त्याच्या वापरावर बंदी अमलांत आणली. अशा स्थितींत एका गांवीं लागलेला वेळ दुसऱ्या गांवच्या वेळाशीं ताडून पाहण्यांत अर्थ उरत नाहीं. म्हणूनच ह्या खेळांत जागतिक विक्रम मानण्याची चाल नाहीं.

दुसरी गोष्ट सुरुवातीची. कांहीं शर्यतींत सर्वजण एकदम सुटतात. कांहींत एकेक गडी ३० सेकंदांच्या अंतरानें सोडतात. दुसऱ्या प्रकारांत प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर नसतो. प्रत्येकजण एकटा, आपल्या श्वासाशीं व घड्याळाशीं झगडत जातो, आणि शेवटला गडी पोंचेपर्यंत पहिल्यालाहि आपण खरोखर पहिले कीं काय हें कळत नाहीं. १९८० सालीं अमेरिकेंतील लेक प्लॅसिड येथें १५ किलोमीटरांची शर्यत अशीच झाली. स्वीडनच्या थॉमस वासबर्गला ४१ मिनिटें ५७.६३ सेकंद लागले. फिनलंडच्या युहा मिएटोला ४१ मिनिटें ५७.६४ सेकंद. सुवर्ण व रौप्य ह्यांमधलें अंतर एक शतांश सेकंद! त्यांच्या सरासरी वेगानें हिशेब केला तर हें अंतर सहा सेंटीमीटरांचें, म्हणजे वीतभरहि भरत नाहीं, आणि दोघे एकमेकांच्या शेजारीं धांवत नव्हते. ह्या प्रकारानंतर ह्या खेळांतील वेळ दशांश सेकंदापर्यंतच मोजावा असें ठरलें.

ह्या दोन कारणांमुळें स्कीच्या निकालाच्या तक्त्यालाच एक विशिष्ट रूप आलें आहे. विजेत्याचा वेळ पूर्ण लिहितात आणि इतरांच्या नांवापुढें तो विजेत्याच्या किती मागें राहिला हें अधिक चिन्ह करून दाखवितात. खेळाडूची वर्षभराची योग्यता ठरविणारे गुणहि अशाच हिशेबानें देतात : विजेत्याच्या वेळाच्या मानानें तो कितवा हिस्सा मागें आहे, आणि शर्यतींत उतरलेले गडी किती तयारीचे होते, ह्या दोन गोष्टींवरून. गुण जितके कमी तितका खेळाडू वरचा. असा तक्ता वाचणाऱ्याला तीन प्रश्न ओळीनें विचारावे लागतात. पहिला, अंतर किती राहिलें? दुसरा, समोर कोण होते? तिसरा, वाट, हवा व सुरुवात कोणत्या प्रकारची होती? क्रमांकाचा अर्थ ह्या तीन प्रश्नांनंतर लागतो.

भारताच्या दोन स्कीपटूंच्या निकालावर ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. २०१४ सालीं रशियांतील सोची येथें नदीम इक्बाल हा १५ किलोमीटरांच्या जुन्या पद्धतीच्या शर्यतींत ८५ वा आला. २०१८ सालीं दक्षिण कोरियांतील प्योंगचांग येथें जगदीश सिंग हा १५ किलोमीटरांच्या मोकळ्या पद्धतीच्या शर्यतींत १०३ रा आला. केवळ क्रमांक पाहणारा म्हणेल कीं चार वर्षांत भारत ८५ वरून १०३ वर घसरला. तक्ता निराळेंच सांगतो. दोन्ही शर्यती स्वित्झर्लंडच्या दारियो कोलोन्यानें जिंकल्या. सोचीला त्याला ३८ मिनिटें २९.७ सेकंद लागले, आणि इक्बाल त्याच्या १६ मिनिटांहून अधिक मागें होता. म्हणजे शेंकडा ४० हून जास्त. प्योंगचांगला कोलोन्याचा वेळ ३३ मिनिटें ४३.९ सेकंद आणि जगदीशचा ४३ मिनिटें ०.३ सेकंद, अंतर सव्वानऊ मिनिटांचें, शेंकडा साडेसत्तावीसचें. क्रमांक खालीं गेला, अंतर मात्र कमी झालें. प्योंगचांगला शर्यत पुरी करणारे ११६ होते, सोचीला त्याहून कमी. पद्धती निराळ्या असल्यामुळें ही तुलना अगदीं कांट्यावरची नव्हे, हें खरें. तथापि घसरण झाली हा निष्कर्ष तींतून खात्रीनें निघत नाहीं. जगदीश पदकाच्या जवळपासहि नव्हता, हेंहि तोच तक्ता सांगतो. चांगला तक्ता कोणाची खुशामत करीत नाहीं व कोणाचा उपमर्दहि करीत नाहीं.

हीच कसोटी मराठी मुलखांतील धांवणाऱ्यांना लावली म्हणजे पुष्कळ जुने ग्रह बदलतात. १९१९ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडासंमेलनांत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा ह्यांच्या मनांत हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना आली, आणि १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें एक लहानसा संघ गेला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन शर्यतींत ते १९ वे आले. त्यांचा वेळ २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंद. आजच्या रसिकाला हा आंकडा सामान्य वाटेल, कारण आज हौशी धांवणारेहि त्याहून कमी वेळांत येतात. परंतु त्या वर्षीं शर्यत ४२ किलोमीटर ७५० मीटरांची होती, म्हणजे हल्लींच्यापेक्षां अर्ध्या किलोमीटराहून अधिक लांब. विजेता फिनलंडचा हान्नेस कोलेह्मायनेन. त्याचा वेळ २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंद. चौगुले त्याच्या सुमारें १८ मिनिटें मागें होते, म्हणजे शेंकडा १२. परक्या हवेंत, पहिल्याच ऑलिंपिकला गेलेल्या संघांतील गड्यानें जगांतील सर्वोत्तम धांवणाऱ्याच्या इतकें जवळ जावें, ही गोष्ट १९ ह्या आंकड्यांत दिसत नाहीं. अंतराच्या आंकड्यांत दिसते.

समोर कोण होते, ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तम उदाहरण बीड जिल्ह्यांतील मांडव्याचा अविनाश साबळे ह्याचें आहे. सैन्यांत असतांना तो सियाचेनच्या बर्फांत राहिलेला, पुढें सैन्याच्या क्रॉस कंट्री धांवण्यांतून वर आलेला आणि तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत नांवारूपास आलेला. त्याच्या तीन निकालांकडे पहावें. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यानें ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. केनियाचा अब्राहम किबिवोत ८ मिनिटें ११.१५ सेकंदांत पहिला आला. अंतर पांच शतांश सेकंदांचें, म्हणजे जेमतेम एक फुटाचें. २०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथील आशियाई सामन्यांत त्यानें ८ मिनिटें १९.५० सेकंदांत सुवर्णपदक मिळविलें. २०२४ च्या जुलैमध्यें पॅरिसच्या एका शर्यतींत त्यानें ८ मिनिटें ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो आला सहावा! तिहींमध्यें सर्वांत मंद धांव सुवर्णाची, सर्वांत वेगवान धांव सहाव्या क्रमांकाची. त्याच वर्षीं पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत तो ८ मिनिटें १४.१८ सेकंदांत ११ वा आला, तेव्हां पुष्कळांना तो मागें पडला असें वाटलें. पण सुवर्ण मिळविलें त्या दिवसापेक्षां तो येथें पांच सेकंदांहून अधिक लवकर पोंचला होता. फरक त्याच्या पायांत नव्हता. फरक त्याच्यासमोर कोण धांवत होतें ह्यांत होता.

सातारा जिल्ह्यांतील मोहीच्या ललिता बाबरचा दाखला तिसऱ्या प्रश्नाकडे नेतो. २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरींत तिनें ह्याच अडथळ्यांच्या शर्यतींत ९ मिनिटें १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम शर्यतींत तिला ९ मिनिटें २२.७४ सेकंद लागले व ती दहावी आली. अंतिम फेरींत ती ढेपाळली, असें कोणी म्हणेल. पण मोठ्या सामन्यांत प्राथमिक फेरी ही कित्येकांच्या दृष्टीनें अंतिमच असते. तिला पार पडण्यासाठीं सर्व शक्ति खर्चावी लागते, आणि विश्रांतीला मिळतो तो थोडा अवकाश. १९८४ सालीं लॉस एंजल्सला पी. टी. उषा अंतिम शर्यत धांवली, त्यानंतर बत्तीस वर्षांनीं ऑलिंपिकच्या धांवपट्टीवर अंतिम फेरी गांठणारी ही पहिली भारतीय स्त्री. तीन सेकंदांची वाढ हें त्या वाटचालीचें मोल कमी करूं शकत नाहीं.

आतां वसईच्या रस्त्यावर परत यावें. शहरांतील मोठ्या शर्यतींच्या निकालांत हल्लीं बहुधा दोन वेळ दिलेले असतात. एक, बंदुकीचा आवाज झाल्यापासूनचा. दुसरा, धांवणाऱ्याच्या अंगावरील चिप आरंभरेषा ओलांडते तेव्हांपासूनचा. गर्दींत मागें उभ्या असलेल्या माणसाला रेषेपर्यंत पोंचण्यासच कांहीं मिनिटें लागतात. पहिल्या रांगेंतल्यांचे क्रमांक बंदुकीच्या वेळावरून लावतात. परंतु मागून सुटलेल्या साध्या धांवणाऱ्याची खरी मेहनत चिपच्या वेळांत दिसते. मार्गावर अधूनमधून घेतलेले वेळ असल्यास पूर्वार्ध व उत्तरार्ध ताडून पहावे. पहिला अर्धा भाग उसळून धांवणारा व दुसऱ्या अर्ध्यांत पाय ओढणारा मुलगा दुर्बळ असतोच असें नाहीं. त्याला शक्तीचा हिशेब शिकविणारा कोणी भेटलेला नसतो. समुद्रकांठच्या दमट हवेंत घाम लवकर वाळत नाहीं व शरीर निवत नाहीं; म्हणून येथला वेळ थंड, कोरड्या प्रदेशांतल्या वेळाशीं भिडवूं नये.

एक साधा हिशेब घ्यावा. समजा, अर्ध्या मॅरेथॉनचा विजेता ६५ मिनिटांत आला व गांवचा एक मुलगा ७५ मिनिटांत. तो दहा मिनिटें, म्हणजे शेंकडा १५ हून किंचित् अधिक मागें आहे. पुढल्या वर्षीं उकाडा आहे. विजेत्याला ६८ मिनिटें लागलीं, मुलाला पुन्हा ७५ च. त्या वर्षीं बाहेरगांवचे चांगले गडी जास्त आल्यामुळें मुलाचा क्रमांक ३० वरून ४० वर गेला. घरीं काय म्हणतील? वेळ तोच आणि नंबर मागें; वर्ष फुकट गेलें. तक्ता म्हणतो, विजेत्यापासूनचें अंतर शेंकडा १५ वरून १० वर आलें, वाईट हवेंतहि मुलगा टिकला. ह्याला आणखी एक वर्ष द्यावें.

हें एक वर्ष हाच ह्या सर्व विवेचनाचा गाभा आहे. लांब पल्ल्याचें धांवणें हें सावकाश पिकणारें फळ आहे. हृदय, फुप्फुसें व पायांचे स्नायु वर्षानुवर्षांच्या सरावानें तयार होतात. अठराव्या वर्षींचा चाळिसावा पुढें कोठवर जाईल हें त्या दिवशींच्या क्रमांकावरून सांगतां येत नाहीं. कामावर जाण्यापूर्वीं पहांटे उठून धांवणारा मुलगा किंवा मुलगी पदकाच्या आशेवर जितकी जगते, त्याहून अधिक आपल्या माणसांच्या एका जाणत्या शब्दावर जगते. पहिल्या तिघांच्या गळ्यांत हार पडतात तें योग्यच आहे. पण निकालाचा कागद हातीं आल्यावर गोखिवऱ्याच्या नाक्यावरील मंडळींनीं बोट थोडें खालीं न्यावें, आपल्या मुलाच्या नांवापाशीं थांबावें, आणि त्याला विचारावें, गेल्या वर्षीं अंतर किती होतें? हा प्रश्न ज्याला विचारला गेला, तो दुसऱ्या दिवशीं पहांटे पुन्हा धांवावयास निघण्याचा संभव फार आहे.